मिठीचे पाणी कोणाच्या हिशेबी?

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहणारा मिठी हा नाला नसून नदी आहे, याचे स्मरण मुंबईला २६ जुलै २००५ च्या महापुराने करून दिले. तेव्हापासून पात्रातील गाळाची आणि रुंदीची चर्चा पुष्कळ झाली; पाण्याच्या मोजणीची मात्र फारशी नाही.

जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा. स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, हा निकषही ठरलेला आहे. परंतु निकष असणे वेगळे आणि मोजणी विश्वसनीय असणे वेगळे. मुखाशी भरतीच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात समुद्राचे पाणी मिसळलेले असते. त्याच जागी ओहोटीला नदीचे खरे रूप उघडे पडते. नमुना कोठे व केव्हा घेतला हे न सांगणारा आकडा म्हणूनच दिशाभूल करतो.

सांडपाणी शुद्ध न करता सोडणारा आपला खर्च वाचवतो. तो भरतात काठावरची वस्ती आणि खाडीतला कोळी. मोजणीविना हे देणे कोणाच्याच खात्यावर चढत नाही. प्रत्येक मोठ्या नाल्याच्या तोंडाशी भरती-ओहोटीची वेळ नोंदवून नियमित नमुने घ्यावेत आणि ते आकडे वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावेत. नदीच्या शुद्धीकरणास कोट्यवधी रुपये लागतील. तिचा हिशेब लोकांपुढे मांडण्यास त्या मानाने अल्प खर्च येईल. तेवढेही होत नसेल, तर उणीव पैशाची नव्हे, इच्छेची आहे, असेच म्हणावे लागेल.