शाडूच शिकवतो

शाडूचं कोरडं ढेकूळ पाण्यात टाकलं की बुडबुडे सोडत हळूहळू फुटतं. नाशिकच्या अंबड भागातल्या एका शाळेत सहावीची मुलं घमेल्याभोवती दाटीने बसून तेच बघत होती. बहुतेकांचे आईवडील एमआयडीसीत कामाला. गणेशोत्सव तोंडावर आला होता आणि कलेच्या बाईंनी सलग दोन तास मागून घेतले होते.

पहिलं काम मळण्याचं. कणकेसारखा गोळा व्हायला हवा. आत हवा राहिली तर मूर्ती वाळताना तडकते. मग आधी पाट, त्यावर मांडी, पोट, डोकं. सोंड सर्वांत शेवटी. जोड द्यायच्या दोन्ही जागी काडीने चरे पाडायचे, पातळ शाडूचा लेप लावायचा आणि मग दाबायचं. घाई करणाऱ्या एकाची सोंड दोनदा गळून पडली. बाई एवढंच म्हणाल्या, "चरे पाडलेस का रे?" तिसऱ्यांदा त्याने चरे पाडले. मूर्ती गुळगुळीत करायला बोट जेमतेम ओलं हवं, आणि वाळवायची ती सावलीत. उन्हात वरचा थर आधी आवळतो आणि भेग पडते.

खरा धडा मात्र खिडकीत ठेवलेल्या पाण्याच्या दोन काचेच्या ग्लासांत चालला होता. एकात सुकलेल्या शाडूचा तुकडा, दुसऱ्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचा. तास संपेपर्यंत शाडू तळाशी गाळ होऊन बसला; प्लास्टर जसंच्या तसं. जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी काढलं की प्लास्टर तयार होतं आणि पाणी मिळताच ते पुन्हा घट्ट होतं. "म्हणजे ते पाण्यानेच कडक होतं, तर पाण्यात विरघळणार कसं?" एका मुलीने विचारलं. हा प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करायला सांगितलं. विषय आला, पण कलेच्या तासाला अजूनही बऱ्याच ठिकाणी 'झाडे लावा'ची पोस्टर्स काढली जातात आणि चकाकी, थर्माकोल लावून सजवली जातात. त्या कामातून मूल घोषणा शिकतं, वस्तू पुढे कुठे जाते हे शिकत नाही.

बाईंनी शाडूचंही उगाच कौतुक केलं नाही, हे मला फार आवडलं. ही माती मुख्यतः गुजरातहून येते, आणि नदीत सोडली तर तिचाही गाळ साचतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या परिसरातून वाहणारी नंदिनी, जुनी नासर्डी, टाकळीला गोदावरीला मिळते. तिच्या पाण्याची अवस्था या मुलांनी पुलावरून पाहिलेली आहे. म्हणून विसर्जन घरच्या बादलीत करायचं, रंग हळद-गेरूचेच द्यायचे, आणि तळाची माती वाळवून शाळेत परत आणायची. बाईंच्या पोत्यात मागच्या वर्षीची माती होतीच. सोंड पडलेल्या त्या मुलाची मूर्ती तिचीच बनली.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: यंदा पर्यावरणाची चित्रकला स्पर्धा घ्यायच्या आधी कलाशिक्षकांना सलग दोन तास आणि शाडूचं एक पोतं द्या. विसर्जनानंतर माती परत गोळा करण्याचा एक दिवसही शाळेच्या नियोजनात आताच लिहून ठेवा.