गाडीतील हत्यार : मालक व कामगार, दोघांनीही सावध असावे

आशागड, डहाणू, तलासरी या पट्ट्यातील आपल्या व्यापारी व कारखानदार बांधवांचा माल टेम्पोने बाहेर जातो आणि वसुलीची रोकड त्याच गाडीने परत येते. वाट रात्रीची असली की परवान्याची बंदूक किंवा पिस्तूल गाडीत ठेवावे, असा विचार मनात येतो. ड्रायव्हरला सांगितले जाते, "राहू दे, वेळेला उपयोगी पडेल." ही सोय किती महागात पडू शकते, ते येथे सांगत आहोत.

अमेरिकेत हा वाद गाजला. ओक्लाहोमा राज्यात २००२ साली वेयरहाउसर कंपनीने आवारातील गाड्यांत बंदुका सापडल्या म्हणून कामगारांना काढून टाकले. त्यावर २००४ साली त्या राज्याने कायदा करून कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवण्याची मुभा कामगारांना दिली. आपल्याकडे तसा हक्क नाही. येथे हत्यार बाळगणे ही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारी परवानगी आहे.

परवाना माणसाचा, गाडीचा नव्हे

परवाना ज्याच्या नावे, हत्यार त्याच्याच ताब्यात हवे. मालकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला ते नेता येते. पण केवळ दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा मालकाच्याच वापरासाठी. रोकड राखण्यासाठी ड्रायव्हरच्या हाती देणे यात बसत नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन व कमाल पाच वर्षे कैद आणि दंड आहे.

परवान्यावर क्षेत्रही लिहिलेले असते. महामार्गाने तलासरी ओलांडली की गुजरातची हद्द लागते. परवाना महाराष्ट्रापुरताच असेल तर तेथे तो चालत नाही. वाडीच्या राखणीसाठी, पीक रक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक तर नेमून दिलेल्या क्षेत्रापुरतीच असते. ती टेम्पोत ठेवता येत नाही.

गाडीतील सर्वांवर बालंट

कायद्याचे कलम ३५ प्रत्येक ड्रायव्हरने व क्लीनरने समजून घ्यावे. अनेकांच्या संयुक्त ताब्यातील गाडीत बेकायदा हत्यार सापडले, तर ज्यांना ते माहीत होते असे मानायला कारण आहे, त्या प्रत्येकाला एकट्यानेच गुन्हा केल्याप्रमाणे जबाबदार धरले जाते. उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच पडतो. कलम ३६ प्रमाणे, नेत असलेल्या पेटीत किंवा गठ्ठ्यात बेकायदा हत्यारे असल्याचा संशय आल्यास गाडीवर काम करणाऱ्याने पोलिसांना कळवले पाहिजे. गुन्हा कंपनीचा असेल तर कलम ३३ खाली कारभार पाहणारेही आरोपी होतात.

म्हणून "हे हत्यार मी नेणार नाही" असे म्हणणे हा कामगाराचा हक्कच आहे. शिस्तभंग होतो तो कायदेशीर व वाजवी हुकूम मोडल्याने. बेकायदा हुकूम नाकारणे शिस्तभंग नव्हे. दुसऱ्या बाजूने, कामगाराने स्वतःचे परवान्याचे हत्यारही आवारात आणू नये, असा नियम मालक करू शकतो. तो लेखी असावा. नियम मोडल्याचा आरोप असेल तर कामगाराला आरोपपत्र द्यावे, खुलाशाची संधी द्यावी आणि रीतसर चौकशी करावी.

सुरे, कोयते यांचे काय?

खाटीक, सुतार, वाडीवरचे मजूर यांना हा प्रश्न पडतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या यादीत येते. मात्र घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. तरीही सणासुदीला वा निवडणुकीच्या काळात १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई हुकूम निघतो. त्यात सुऱ्या व काठ्याही येऊ शकतात. बकरी ईदच्या दिवसांत खाटीक बांधवांनी हुकूम वाचूनच निघावे. अवजारे गुंडाळून पेटीत ठेवावीत आणि दुकानाचा परवाना किंवा कामाची चिठ्ठी जवळ असू द्यावी.

आमची विनंती एवढीच : मोठी रोकड गाडीतून नेऊ नका. धनादेश किंवा बँकेमार्फत व्यवहार करा. हत्यार घरी कुलपात ठेवा. "कंपनीच्या गाडीत हत्यार नेण्यास मनाई आहे" अशी सूचना कारखान्याच्या फाटकावर मराठीत व हिंदीत लावा आणि ती वाचल्याबद्दल ड्रायव्हरची सही घ्या. पोलिसांनी गाडी अडवली तर ती सही मालकाच्या बाजूने बोलेल आणि हत्यार न नेणारा ड्रायव्हर त्या रात्री आपल्या घरी पोहोचेल.