जुनी इटालियन मोटारसायकल : खरेदी आणि निगा

वापरलेली वस्तू विकत घेताना आपण केवळ ती वस्तू घेत नाही. तिच्या पूर्वीच्या मालकाच्या सवयीही विकत घेतो. त्याने तेल वेळेवर बदलले की नाही, गाडी उन्हात उभी ठेवली की सावलीत, बिघाडाचा पहिला आवाज ऐकताच तिला कारागिराकडे नेले की दुर्लक्ष केले, हे सारे त्या यंत्राच्या पोटात साठलेले असते. साध्या दुचाकीच्या बाबतीत या संचिताचा भार फारसा जाणवत नाही. इटालियन मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र तो नव्या मालकाच्या खिशावर आणि प्रसंगी त्याच्या जिवावरही पडू शकतो. म्हणून अशी गाडी घेण्यापूर्वी तिची घडण थोडी समजून घेणे इष्ट होय.

उदाहरणादाखल आपण डुकाटी ही गाडी घेऊ. २०१५ मध्ये या कंपनीने भारतात नव्याने विक्री सुरू केली. त्या वेळी हौसेने घेतलेल्या गाड्या आता मुंबई, दिल्ली, बंगळूर यांसारख्या शहरांतून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जात आहेत. नव्या गाडीच्या मानाने किंमत बरीच उतरलेली असते आणि ज्याला एरवी ती घेणे शक्य नव्हते, अशा मध्यमवर्गीय तरुणाच्याही ती आवाक्यात येते. पण किंमत उतरली म्हणून निगेचा खर्च उतरत नाही. सुट्या भागांचे आणि कुशल हातांचे मोल नव्या गाडीला जेवढे, तेवढेच जुनीला. पुष्कळांची फसगत होते ती या ठिकाणी.

या कंपनीचा जन्म मोटारसायकलींसाठी झाला नव्हता, हे ऐकून कित्येकांना नवल वाटेल. १९२६ साली बोलोन्या शहरात आन्तोनियो काव्हालिएरी डुकाटी आणि त्यांचे तीन मुलगे यांनी ती स्थापन केली, ती रेडिओचे भाग बनविण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या ऑक्टोबरात, बोर्गो पानिगाले येथील त्यांचा कारखाना बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतरच्या दरिद्री इटलीला स्वस्त वाहन हवे होते. तेव्हा सायकलीला जोडता येईल असे ४८ घनसेंटिमीटरचे एक चिमुकले एंजिन येथे तयार होऊ लागले. त्याचे नाव ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. त्याच्या धुराड्याचा आवाज पिल्लाच्या भुंकण्यासारखा येई म्हणून. या पिल्लापासूनच पुढची सारी वंशावळ निघाली.

इटालियन दुचाकी आपल्या देशाला अपरिचित नाही. लॅम्ब्रेटा मुंबईत जुळवली जात असे आणि १९६० च्या दशकात बजाजने पियाज्जोच्या परवान्याने व्हेस्पा येथे बनविली. सकाळी स्कूटर कुशीवर कलती करून मग किक मारणारे गृहस्थ त्या पिढीने घरोघरी पाहिले आहेत. परंतु त्या अनुभवाच्या भरवशावर डुकाटी घेऊ नये. स्कूटरचे ते एंजिन द्विआघाती होते. त्यात आपण पाहणार आहोत त्या प्रकारच्या झडपाच नव्हत्या. नाक्यावरचा कोणताही मिस्त्री चार पान्यांनिशी ते उघडून पुन्हा बसवीत असे. डुकाटीच्या एंजिनात खरी मेख आहे ती झडपांचीच.

चतुराघाती एंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर झडपा, म्हणजे आपले कारागीर ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात ते असतात. एका झडपेतून इंधन आणि हवा यांचे मिश्रण आत येते, दुसरीतून जळलेला वायू बाहेर जातो. नेहमीच्या एंजिनात फिरत्या कॅमचा उंचवटा झडप उघडतो आणि ती मिटविण्याचे काम स्प्रिंग करते. वेग फार वाढला की जुन्या काळची स्प्रिंग मागे पडे. झडप पुरती मिटण्याआधीच पुन्हा उघडण्याची पाळी येई. १९५४ मध्ये डुकाटीत आलेले अभियंते फाबिओ ताल्योनी यांनी या अडचणीवर एक जुनीच कल्पना नव्या कौशल्याने योजली. झडप उघडण्यासाठी एक कॅम आणि मिटविण्यासाठी दुसरा! स्प्रिंगेच्या मर्जीवर काही सोडायचेच नाही. १९५६ साली स्वीडनमधील शर्यतीत या रचनेच्या १२५ घनसेंटिमीटरच्या गाडीने पहिला क्रमांक मिळविला. या रचनेला ‘डेस्मोड्रोमिक’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘डेस्मोस’ म्हणजे बंधन आणि ‘ड्रोमोस’ म्हणजे धाव. बांधलेली धाव, असा त्याचा अर्थ.

या बंधनाची किंमत मालकाला मोजावी लागते. झडप आणि तिला हलविणारा भाग यांच्यामध्ये केसासारखी बारीक फट राखावी लागते. साध्या एंजिनात ती प्रत्येक झडपेला एकच. येथे उघडणारी एक आणि मिटविणारी एक, अशा दोन. दोन सिलिंडरांना प्रत्येकी दोन झडपा असतील तर आठ मापे, आणि प्रत्येकी चार असतील तर सोळा. ही मापे घ्यायची, ज्या ठिकाणी फट बदलली असेल तेथे योग्य जाडीची चकती घालायची आणि पुन्हा मोजायचे. बिलावर ‘झडपांची तपासणी’ या एका ओळीपुढे मोठा आकडा दिसतो, त्याचे कारण हेच. त्यात लबाडी असतेच असे नाही. कारागिराचे तास त्यात खर्ची पडलेले असतात.

याहून नाजूक भाग म्हणजे कॅम फिरविणारा पट्टा. पूर्वी डुकाटीत हे काम दंड आणि दातेरी चक्रे करीत. १९७९ च्या सुमारास ‘पांता’ या गाडीपासून तेथे दातेरी रबरी पट्टे आले. ते हलके, आवाज न करणारे आणि स्वस्त होते. पण रबर ते रबरच! उष्णतेने आणि वयाने ते कडक होते, चिरते. चालत्या एंजिनात पट्टा तुटला, तर झडप उघडी राहते त्या जागीच थांबते आणि खालून वेगाने येणारा दट्ट्या तिच्यावर आदळतो. क्षणार्धात झडपा वाकतात, दट्ट्याला खड्डा पडतो, आणि काही हजार रुपयांचा पट्टा वाचविल्याबद्दल संपूर्ण एंजिन उघडण्याचा दंड भरावा लागतो. भरधाव गाडीचे एंजिन असे एकाएकी दगावले, तर स्वाराच्या जिवावर बेतण्याचाही संभव असतो.

येथेच एक फार प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. विकणारा मोठ्या अभिमानाने सांगतो, “आठ वर्षांत अवघी चार हजार किलोमीटर चालली आहे, नव्यासारखीच आहे.” घेणाऱ्यालाही ते शुभलक्षण वाटते. वस्तुतः पट्ट्याचे आयुष्य किलोमीटरांप्रमाणे वर्षांतही मोजतात. जुन्या कित्येक मॉडेलांना दर दोन वर्षांनी, नंतरच्या काहींना दर पाच वर्षांनी पट्टा बदलावा असे सांगितलेले आहे. मग गाडी चालो वा न चालो. वर्षानुवर्षे गॅरेजात झाकून ठेवलेली गाडी दिसायला लखलखीत असते, पण तिचा पट्टा, टायर, ब्रेकचे तेल आणि बॅटरी ही सारी म्हातारी झालेली असतात. दिसते तसे नसते, ही म्हण तिला तंतोतंत लागू पडते. उलट, नियमित चालविलेली आणि प्रत्येक सर्व्हिसची पावती जपून ठेवलेली गाडी, अंगावर चार ओरखडे असले तरी, अधिक विश्वासू ठरते.

सर्वच डुकाटींना पट्टा असतो असे नाही. २०११ च्या अखेरीस जाहीर झालेल्या ‘११९९ पानिगाले’त त्याऐवजी साखळी आणि चक्रे आली, २०२० मध्ये कंपनीने आपल्या एका चार सिलिंडरी एंजिनात पुन्हा स्प्रिंगेच्या झडपा घातल्या आणि त्यांच्या तपासणीची मुदत ६०,००० किलोमीटरवर नेली. म्हणून आपण पाहत असलेले मॉडेल कोणते, त्याच्या मालक-पुस्तिकेत काय मुदती दिल्या आहेत, हे गाडी पाहायला जाण्यापूर्वीच वाचून ठेवावे.

गाडी पाहण्यास जाताना एंजिन थंड असेल अशा वेळी जावे आणि सुरू करण्यापूर्वी त्याला हात लावून पाहावा. ते आधीच गरम असेल, तर थंड असताना सुरू होण्याची अडचण कोणी झाकीत तर नाही ना, अशी शंका घेण्यास जागा आहे. काही जुन्या मॉडेलांचा क्लच तेलाविना, कोरडा असतो. डब्यात नाणी खुळखुळावीत तसा त्याचा आवाज येतो. तो दोष नव्हे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ‘३५१९’ असे असेल तर तो टायर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. सुकाणू दोन्ही बाजूंस पुरते फिरवून पाहावे, पुढच्या काट्यांवर तेलाचे ओघळ आहेत का ते पाहावे, आणि चॅसीस व एंजिन यांचे क्रमांक नोंदणी-पुस्तकाशी स्वतः ताडून घ्यावेत.

कागदपत्रांची हयगय यंत्राच्या हयगयीइतकीच महागात पडते. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद झालेली असावी. परराज्यातून गाडी आणायची असेल, तर मूळ परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो आणि आपल्या राज्याचा कर निराळा भरावा लागतो. महाग गाडीवर ही रक्कम लहान नसते. ती किमतीत आधीच धरावी. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत हस्तांतरणाची नोंद करवून घ्यायची असते, आणि विमा आपल्या नावे करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. विकणाऱ्यानेही येथे निष्काळजी राहू नये. गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नावे असेल, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्याकडे येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

गाडी घरी आली की नव्या मालकाला पहिला मोह होतो तो धुराडे बदलण्याचा, आरसे नि दिवे बदलण्याचा. तेथे तानाजीचा बाणा दाखवावा. आधी लगीन कोंढाण्याचे! पट्टा केव्हा बदलला याचा लेखी पुरावा नसेल, तर तो बदललेला नाही असे समजून आधी तोच बदलावा. त्याबरोबर एंजिनातील तेल व गाळणी बदलावी आणि जुन्या तेलात धातूचा चुरा आहे का ते पाहावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि घाटाच्या उतारावर ब्रेक ऐन वेळी मऊ पडतो. ते दर दोन वर्षांनी बदलावे. ही सारी कामे झाल्याची तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहावीत. ती वही हीच गाडीची जन्मपत्रिका.

आजच्या काळात एक नवी गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. २०२५ पासून आपल्याकडील पेट्रोलात सुमारे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. २००० नंतरच्या दशकातील काही डुकाटींच्या टाक्या नायलॉनजातीच्या प्लॅस्टिकच्या होत्या. इथेनॉलाने त्या फुगल्याचे परदेशांत दिसून आले. टाकी फुगली की तिची भोके मूळ जागी जुळत नाहीत. अशी गाडी घेताना टाकी नीट बसते की नाही हे पाहावे, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असल्यास त्या टाकीत पेट्रोल राहू देऊ नये.

स्वतः काय करावे आणि काय करू नये, यालाही मर्यादा आहे. साखळी पुसून वंगण देणे, तिचा ताण पाहणे, तेल बदलणे, बॅटरी भारित ठेवणे ही कामे कोणाही काळजीवाहू माणसाला साधतील. मात्र एंजिनाचे कवच अ‍ॅल्युमिनियमचे असते. अंदाजाने पाना आवळला तर आटे निघून येतात, म्हणून बेताचा जोर दाखविणारा पाना अवश्य बाळगावा. पट्टा आणि झडपा या गोष्टी जाणकाराच्याच हाती द्याव्यात. पट्ट्याचा ताण नव्या गाड्यांत कंपनसंख्येवरून ठरवितात. तंबोऱ्याची तार छेडून सूर लावावा त्याप्रमाणे पट्टा छेडतात आणि त्याची कंपने यंत्राने मोजतात. ताण अधिक झाला तर बेअरिंगे झिजतात, कमी झाला तर पट्टा दाता सोडतो.

तेव्हा ज्याला अशी गाडी घ्यावयाची आहे, त्याने आपल्याजवळची सर्व रक्कम खरेदीत घालू नये. पहिल्या मोठ्या सर्व्हिसचा आणि टायरांचा खर्च जवळच्या अधिकृत कार्यशाळेतून आधी विचारून घ्यावा, तेवढे पैसे बाजूला काढावेत आणि उरेल त्यात बसणारी गाडी शोधावी. तशी न मिळाल्यास थोडे थांबावे. ताल्योनींच्या बुद्धिमत्तेचे हे फळ चाखण्याचा अधिकार धनिकांपुरता मर्यादित नाही. पण गाडीची वही स्वतःच्या हाताने नियमाने लिहिण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच तिच्या वाटेला जावे.