उंचीवाचून जिंकलेले तीस सामने

बास्केटबॉलचा संघ निवडावयाचा दिवस आला की आमच्या शाळेच्या पटांगणावर मुले आपण होऊन उंचीप्रमाणे रांग धरतात. शेवटास उभी राहिलेली मुले, कोणी काही बोलण्यापूर्वीच, मान खाली घालून घरची वाट धरतात. त्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी १९६३-६४ च्या एका हंगामाची हकीकत येथे देत आहो.

हा संघ लॉस एंजल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा. त्याच्या पहिल्या पाचांत सहा फूट पाच इंचांहून उंच असा एकही खेळाडू नव्हता. सराव चाले तो जुन्या व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर. तेथेच कुस्ती व कसरतीचे विद्यार्थीही येत. सरावापूर्वी जमीन पुसावी लागे, आणि त्या कामास मार्गदर्शक जॉन वूडन स्वतः हात लावीत. वूडन हे पूर्वी इंग्रजीचे शाळामास्तर. १९४८ साली ते या विद्यापीठात आले; पंधरा हंगाम लोटले तरी राष्ट्रीय अजिंक्यपद हाती आले नव्हते. हंगामाच्या आरंभी ते खेळाडूंस पायमोजे कसे चढवावे हे शिकवीत. मोज्याला सुरकुती पडली की फोड येतो, आणि फोड आला की खेळाडू बसून राहतो, हा त्यामागील हिशेब.

मग हा संघ जिंकला कसा? बास्केट झाल्यावर प्रतिपक्षाने पाच सेकंदांत चेंडू रेषेबाहेरून आत टाकावा व दहा सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावा, असा त्या वेळी नियम होता. एवढ्या वेळात मागे परतून आपल्या बास्केटचे रक्षण करावे, ही नेहमीची रीत. वूडन यांचे सहायक जेरी नॉर्मन यांच्या सूचनेवरून या संघाने उलट केले. प्रतिपक्षाला त्याच्याच बाजूस गाठावयाचे: पुढे दोघे, त्यांच्यामागे दोघे, आणि सर्वांमागे एकटा कीथ एरिक्सन. यास 'प्रेस' म्हणतात. चेंडू हिसकावणे हा यातील वरचा लाभ. मूळ हेतू खेळाची गती वाढविण्याचा. उंचीचा उपयोग बास्केटखाली पोचल्यावर. वाटेतच धावपळ झाली, घाईने चेंडू भलतीकडे गेला, तर ती उंची काय कामाची?

२१ मार्च १९६४ रोजी कॅन्सस सिटी येथे अंतिम सामन्यात समोर ड्यूकचा संघ होता. त्यात सहा फूट दहा इंचांचे दोन खेळाडू होते. ड्यूक ३०-२७ असा पुढे असता, अवघ्या अडीच मिनिटांत या संघाने लागोपाठ १६ गुण मिळविले, आणि शेवटी ९८-८३ असा विजय संपादिला. तीस सामने, तीस विजय! त्या दिवशी गेल गुडरिच याने २७ गुण केले, हे खरे; परंतु २६ गुण केले ते केनी वॉशिंग्टन याने, आणि तो पहिल्या पाचांतला नव्हे, बाकावरून उठून आलेला राखीव खेळाडू होता.

उंची नकोच, असे आमचे म्हणणे नाही. १९७५ पर्यंत वूडन यांनी दहा अजिंक्यपदे मिळविली, त्यांतील काही संघांत सात फुटांचे खेळाडूही होते. परंतु पहिले पद आले ते या ठेंगण्या संघाकडून.

पुढील निवडीच्या दिवशी रांगेच्या शेवटापासून हाका मारावयाच्या, असे आम्ही ठरविले आहे. पालकांनी एवढेच करावे: मुलाला त्या दिवशी घरी लवकर बोलावू नये.