खुंटाचा गुलाब

रोपवाटिकेतून जे भपकेदार कलमी गुलाब आपण विकत आणतो, त्यांच्या बुंध्याशी, डोळा भरलेल्या जागेच्या खाली, पुष्कळदा एडवर्ड नावाचा गुलाब नुसत्या खुंटाची चाकरी बजावीत असतो. आणि वरची नाजूक जात मालकाच्या हेळसांडीने वाळून गेली म्हणजे हाच खुंट फुटवे फोडून आपला अंमल बसवितो, तेव्हा ‘गुलाब गावठी झाला’ अशी तक्रार गृहस्थ करू लागतात. ही तक्रार प्रस्तुत लेखकास मुळीच मान्य नाही. अंगणात एकाच झुडपापुरती जागा असेल तर ती एडवर्डलाच द्यावी, असे त्याचे मत आहे.

हा काही क्षुद्र कुळातला नव्हे. हिंदी महासागरातील बूर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियोंवर, फ्रेंच मळेवाल्यांनी शेतांना गुलाबांची कुंपणे केली होती, आणि त्यांत चीनकडील सतत फुलणारा गुलाब व दमास्कस-कुळातील सुवासिक गुलाब शेजारी वाढत असल्यामुळे मनुष्याच्या प्रयत्नावाचून त्यांचा संकर घडून आला. १८१७ साली त्या बेटावर गेलेल्या ब्रेओं या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते झुडूप हेरले, त्याचे बी ओर्लेआँच्या ड्यूकच्या पदरी असलेल्या झाक नामक माळ्याकडे फ्रान्सात रवाना केले, आणि त्यातून यूरोपातील ‘बूर्बों’ गुलाबांचे घराणे उदयास आले. बेटावरच्या त्या झुडपाचे नाव एदुआर; तोच आपला एडवर्ड.

रानटी गुलाब स्वभावतः वर्षातून एकदाच फुलतात. चिनी कुळात मात्र फुलोऱ्यास आवर घालणाऱ्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा कधीकाळी घुसून बसला आणि तो आवरच सुटला, असे २०१२ साली संशोधकांनी दाखवून दिले. परिणामी अशा झुडपाचा जवळजवळ प्रत्येक नवा फुटवा शेवटी कळी धरतो. छाटणीचे सारे मर्म यातच आहे. फांदीचे टोक ऑक्झिन नामक संप्रेरक खाली धाडून खालच्या डोळ्यांना दडपून ठेवते. टोक उडविले की ते डोळे जागे होतात. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, मेलेल्या व किरट्या फांद्या काढून उरलेल्यांचा सुमारे तृतीयांश भाग बाहेरच्या दिशेस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका कापावा आणि जखमेस बोर्डो मलम लावावे, म्हणजे दीड महिन्याच्या सुमारास बहर येतो. याहून निर्दय छाटणी करणाऱ्यांचा उत्साह मला अनाठायी वाटतो.

लागवडीस कलमाची यातायात नको. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, वीतभर जून काडी मातीत खोचली तरी ती मुळे धरते, आणि या सुलभतेमुळेच तर तो खुंट ठरला! स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या झुडपास बुंध्यातून जो फुटवा येईल तो त्याचाच असतो. काळ्या जमिनीत मात्र पाणी तुंबते. तेथे शेणखत व पोयटा मिसळून आळे उंच करावे. पाणी सकाळी बुडाशी घालावे, कारण पाने तासनतास ओली राहिली की काळ्या ठिपक्यांच्या बुरशीस रान मोकळे मिळते.

सुगंधाचा वारसा दमास्कसकडचा. त्यातील फिनाइल एथॅनॉल पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, म्हणून गुलाबपाण्यास त्याचा वास येतो. जिरॅनिऑल व सिट्रोनेलॉल अत्तराच्या तेलात अधिक उतरतात. ही द्रव्ये उडून जाणारी असल्याने गुलकंदासाठी फुले उन्हे चढण्यापूर्वी खुडावीत, आणि कीटकनाशक फवारलेली मात्र बरणीत मुळीच घालू नयेत.