आत्महत्या-प्रतिबंध, किशोरवयीन लॅटिन-अमेरिकनांतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लॅटिन-अमेरिकन वंशाच्या मुलामुलींमधील आत्महत्येचा धोका बालरोगतज्ञाच्या नेहमीच्या दवाखान्यातच ओळखून त्यांना व त्यांच्या कुटुंबियांना वेळीच आधार देण्याची कार्यपद्धती. त्या देशात १०–२४ या वयोगटातील मृत्यूंच्या पहिल्या तीन कारणांत आत्महत्येची गणना होते. २०२० च्या जनगणनेनुसार या वंशाच्या लोकांची संख्या सु. ६·२१ कोटी असून अठरा वर्षांखालील मुलांपैकी सु. एक चतुर्थांश मुले या समाजातील आहेत. त्यांच्यासाठी ‘लॅटिनेक्स’ ही लिंगनिरपेक्ष संज्ञा विद्यापीठीय लेखनात रूढ झाली असली, तरी समाजात ‘हिस्पॅनिक’ व ‘लॅटिनो’ हीच नावे अधिक प्रचलित आहेत.

शालेय विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय पाहण्यांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्या लॅटिन मुलींचे प्रमाण अनेक वर्षे श्वेतवर्णीय मुलींपेक्षा अधिक आढळत आले. प्रत्यक्ष मृत्यूंचे प्रमाण मात्र कमी राहिले. त्यामुळे केवळ मृत्यूंच्या आकड्यांवरून या मुलींच्या मनोव्यथेची कल्पना येत नाही. लुईस सायास यांनी या विषयावरील आपल्या ग्रंथात (२०११) कुटुंबातील, विशेषतः माय-लेकींमधील, संघर्षाकडे लक्ष वेधले आहे. ‘फामिलिस्मो’ म्हणजे कुटुंबनिष्ठा हे या समाजातील मोठे मूल्य होय. घरच्यांचा जिव्हाळा मुलाला तारतो. परंतु आपले दुःख सांगितल्यास घरच्यांवर भार पडेल, या भावनेने तेच मूल मौनही धरते. दारिद्र्य, आरोग्यविम्याचा अभाव, वंशभेद आणि आईवडिलांना देशाबाहेर घालविले जाण्याची भीती यांची त्यात भर पडते.

मनोविकारतज्ञाकडे जाण्यास अनेक कुटुंबे कचरतात. शिवाय स्पॅनिश जाणणारे तज्ञ थोडे आहेत. बालरोगतज्ञाशी मात्र लसीकरणापासूनची ओळख असते. ‘कॉन्फिआन्सा’ म्हणजे विश्वास तेथे आधीच रुजलेला असतो.

धोका ओळखण्यासाठी प्रश्नावल्या वापरतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने विकसित केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रश्नावलीत चार प्रश्न असून त्यांना सु. २० सेकंद लागतात. तिचा स्पॅनिश अनुवादही उपलब्ध आहे. आईवडिलांना काही वेळ बाहेर बसवून मुलाला एकट्याने विचारणे इष्ट असते. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज न्यूयॉर्क राज्यातील विद्यार्थ्यांवरील २००५ च्या अभ्यासात खरा ठरला नाही. उत्तर होकारार्थी आल्यास धोक्याची तीव्रता ठरवून मुलासह सुरक्षा-योजना आखतात. धोक्याची पूर्वचिन्हे, मन सावरण्याचे उपाय व मदतीस येणाऱ्या व्यक्ती यांची तीत नोंद असते. घरातील औषधे व बंदुका कुलपात ठेवण्याविषयी पालकांना समजावतात व पुढील काही दिवसांत पुन्हा चौकशी करतात. ९८८ या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर (२०२२) स्पॅनिशमधूनही बोलता येते.

भाषेचा प्रश्न येथे कळीचा ठरतो. मुलाला इंग्रजी सोयीची व आईला केवळ स्पॅनिश अवगत, अशी स्थिती वारंवार आढळते. अशा वेळी मुलालाच दुभाषा केल्यास स्वतःच्या मरणेच्छेची वार्ता त्याला स्वतःच आईला सांगावी लागते, किंवा ती तो दडवितो. २०१६ च्या संघीय नियमाने तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास मनाई केली. कोणती गोष्ट गुप्त राहील व जिवाला धोका असल्यास कोणती पालकांना सांगावी लागेल, हेही दोघांना आधीच स्पष्ट करावे लागते.

या पद्धतीविषयी मतैक्य नाही. अमेरिकन बालरोग अकादमी व सहयोगी संस्थांनी २०२२ मध्ये बारा वर्षांवरील सर्व मुलांच्या चाचणीची, तर ८–११ वयाच्या मुलांची लक्षणांनुसार चाचणी करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी प्रतिबंधक सेवांविषयीच्या राष्ट्रीय कृतिगटाने बारा ते अठरा वयातील मुलांच्या अवसाद-चाचणीस अनुकूल मत दिले. आत्महत्येच्या धोक्याच्या सरसकट चाचणीबाबत मात्र पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. चाचणीनंतर उपचाराची सोय नसल्यास तिचा उपयोग मर्यादित राहतो, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे. त्यामुळे दवाखान्याला समाजातील संस्थांची जोड आवश्यक ठरते; उदा., न्यूयॉर्क शहरात २००८ पासून लॅटिन मुलींसाठी चालविलेल्या ‘लाइफ इज प्रेशस’ या उपक्रमात कला, अभ्यासास साहाय्य व कुटुंबाशी संवाद यांवर भर दिला जातो.