बटाट्यावर टॅकोचा साज

अमेरिकेत भाजलेल्या अख्ख्या बटाट्याला मान मिळवून दिला तो रेल्वेने. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या डायनिंग कारचे प्रमुख हेझन टायटस यांनी १९०९ मध्ये याकिमा खोऱ्यातले अवाढव्य बटाटे प्रवाशांच्या ताटात आणले. तोवर शेतकरी ते डुकरांना घालत.

अशाच भाजलेल्या बटाट्यावर टॅकोचा साज चढवायचा, तर रसेट जातीचा बटाटा सर्वांत उत्तम. त्यात पिष्ट जास्त, पाणी कमी. म्हणून गर भुसभुशीत होतो. काट्याने टोचे मारा, सालीला तेल-मीठ चोळा आणि २०० अंश सेल्सिअसला तासभर भाजा. फॉइल गुंडाळू नका. वाफ आत कोंडते, साल मऊ पडते. आणि निम्मी गंमत तर त्या कुरकुरीत सालीतच आहे! ओव्हनमधून काढल्याबरोबर चीर द्या, नाहीतर गर दमट होतो.

आता वरचा थर. खिमा मिरचीपूड, जिरेपूड, ओरेगानो आणि लसूण घालून कोरडा होईपर्यंत परता. शाकाहारी घरात राजमाही छान लागतो. त्यावर लगेच किसलेलं चेडर, म्हणजे ते उष्णतेनेच वितळतं. साल्सा, सावर क्रीम आणि अ‍ॅव्होकॅडो मात्र गारच, अगदी वाढताना घाला.